रोजचे तीन हिरे आणि ओस पडलेला रायगड

प्रश्न : कॉलेजातल्या आम्ही काही मित्रांनी माइनक्राफ्ट या ब्लॉक रचायच्या व्हिडिओ गेमचा (जावा एडिशन) सर्व्हायव्हल सर्व्हर (माल स्वतः मिळवून खेळायचं सामायिक जग) सुरू केला. आज साठेक सभासद आहेत. बरेचसे नाशिक-पुण्याचे, काही परदेशी शिकायला गेलेले. सुरुवातीला सगळे मिळून रायगडाचा गडमाथा बांधत होते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा चालायच्या. लोकांनी रोज यावं म्हणून मी बक्षिसं सुरू केली. रोजच्या किटमध्ये (फुकट मिळणाऱ्या सामानात) ३ हिरे आणि क्रेटची (नशिबाने बक्षीस निघणाऱ्या पेटीची) एक किल्ली, ऑनलाइन राहिल्याबद्दल तासाला ५०० कॉइन, लोखंडाची लगड सर्व्हरला विकली की ५ कॉइन, सलग ३० दिवस आलं की खास क्रेट. दिवाळीपासून गडावर लावलेल्या प्रत्येक ब्लॉकला १० कॉइन. महिनाअखेरीस सर्वांत श्रीमंत खेळाडूला ‘सरदार’ रँक आणि उडायची मुभा. आता रात्री २०-२५ जण ऑनलाइन दिसतात, पण चॅटमध्ये कुणी बोलत नाही. ज्यांचा बांधकामात हात चांगला होता त्या तिघा-चौघांनी तर येणंच सोडलं. किट ५ हिऱ्यांचं करू का? की ५० रुपये प्रवेश फी घेऊन दर महिन्याला पीव्हीपी (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढाईची) स्पर्धा ठेवू, पहिल्याला १,००० रुपये? आणि सर्व्हरच्या खर्चासाठी रँक विकल्या तर चालेल का?
एक ॲडमिन, नाशिक

उत्तर : किट वाढवू नका. तुमच्याकडे बक्षिसं कमी नाहीत, ती भलत्या गोष्टींना मिळतायत. तुमचीच यादी पुन्हा वाचा. किट हजेरीला, कॉइन बसून राहण्याला, लगडीचे पैसे फार्मला (आपोआप माल काढणाऱ्या रचनेला), ब्लॉकचे पैसे आकड्याला आणि सरदारकी साठवणुकीला. दुसऱ्या खेळाडूशी बोलावं लागेल, त्याच्याकडून काही घ्यावं लागेल, त्याचं काम नीट बघावं लागेल, असं एकही बक्षीस त्यात नाही. चॅट थंड पडलं ते यामुळे.

हिशेब मांडून बघा. तीन गावकरी आणि एक झोंबी एवढ्यावर चालणारा साधा आयर्न फार्म तासाला तीनशे-चारशे लगडी देतो. साडेतीनशे धरा. तुमच्या भावाने तासाला १,७५० कॉइन झाले, वर हजेरीचे ५००. रात्री झोपताना कॅरेक्टर फार्मपाशी उभं करून ठेवलं की सकाळपर्यंत आठ तासांत १८,००० कॉइन, एकही बटण न दाबता. आता गडावर या. महादरवाज्याच्या बुरुजाची गोलाई जमवायला स्टेअर, स्लॅब आणि वॉल उलटसुलट लावून, चार वेळा तोडून, लांब जाऊन बघून एखादी मुलगी तासाला तीनशे ब्लॉक लावत असेल. तिला ३,००० मिळतात. तिच्या शेजारी दुसरा कुणी नुसतं उजवं बटण दाबून धरतो. सेकंदाला पाच ब्लॉक लागतात, १,७२८ ब्लॉकचा भरलेला शल्कर बॉक्स सहा मिनिटांत रिकामा होतो आणि त्याच्या खात्यात १७,२८० कॉइन पडतात. तोडून पुन्हा लावलेला ब्लॉकही तुमची मोजणी धरत असेल, तर त्याला बॉक्सचीसुद्धा गरज नाही. बुरूज घडवणाऱ्या माणसाला तुमच्या सर्व्हरने रोज हेच सांगितलं, की तुझी मेहनत सगळ्यात स्वस्त आहे. ते लोक कंटाळून गेले असं समजू नका. त्यांचा अपमान झाला, आणि तो तुम्ही हेतुपुरस्सर केलेला नसला तरी आकड्यांनी केला.

बक्षिसाने आवड कमी कशी होते, याचा जुना आणि गाजलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंस तर छान रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, काम झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेनं नुसती ठेवून दिली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. तुम्ही दिवाळीत गडाच्या बाबतीत नेमकं पहिल्या गटासारखं केलंत. ‘आपण रायगड बांधतोय’ याचं ‘दहा कॉइनला एक ब्लॉक’ झालं.

याचा अर्थ सगळ्याच कामाचे पैसे बंद करा असा नाही, आणि बहुतेक ॲडमिन इथेच चुकतात. याच विषयावरच्या पुढच्या संशोधनाचं सार असं, की जे काम मुळातच कंटाळवाणं आहे त्यात मारायला आवड नसतेच, म्हणून मोबदल्याने तिथे नुकसान होत नाही. तुमच्या गडाला हजारोंनी डीपस्लेट, अँडेसाइट आणि स्टोन ब्रिक हे दगडी ब्लॉक लागणार. अँडेसाइट खणणं कुणाच्याही स्वप्नात येत नाही, आणि त्यात दर्जाचा प्रश्न नसतो, ६४ म्हणजे ६४. तिथे नगावर पैसे द्या, खुशाल द्या. जे काम डोळ्याने जोखावं लागतं त्याला नगावर पैसे कधीही देऊ नका.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्या रात्री सर्व्हरला माल विकायची सोय बंद करा. ईसेन्शियल्स-एक्स हे प्लगिन (सर्व्हरला जोडायचा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याच्या वर्थ (भावांच्या) फाइलमधून लोखंड, सोनं, ऊस, भोपळा, म्हणजे फार्मवर आपोआप निघणारं सगळं काढून टाका. हा एकच बदल असा आहे जो आधी जाहीर करायचा नाही. ‘रविवारपासून खरेदी बंद’ असं सांगितलं, तर शनिवारपर्यंत लोक पेट्याच्या पेट्या रिकाम्या करतील आणि तुमच्या बाजारात वर्षभराची नाणी एका आठवड्यात येतील. बंद करा आणि त्याच क्षणी कारण लिहून टाका: सर्व्हर हवेतून नाणी छापत होता, म्हणून एकमेकांत व्यापार होत नव्हता. आरडाओरड होईल. दोन-तीन दिवस सहन करा.

कुणाची जमलेली संपत्ती मात्र काढून घेऊ नका. टीम फोर्ट्रेस २ या गोळीबाराच्या खेळात २००९ साली खेळलेल्या वेळेवर वस्तू मिळायला लागल्या, तेव्हा लोकांनी खेळ न खेळता नुसतं जोडलेलं राहायचे प्रोग्रॅम वापरले. त्याच वर्षी सप्टेंबरात तो खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्या मार्गाने मिळवलेल्या वस्तू काढून घेतल्या आणि ज्यांनी तसं केलं नव्हतं त्यांच्या डोक्यावर एक तेजोवलय घातलं. त्यावरून खेळाडूंमध्ये सरळ दोन तट पडले. एवढा मोठा खेळ ते पचवू शकतो, साठ जणांचा गट नाही. नळ बंद करा, भरलेल्या हंड्यांना हात लावू नका. ते रिकामे व्हायची सोय पुढे आहे.

दुसरं, हजेरीचे कॉइन. ‘एएफके (खेळाडू जागेवर नाही) असेल तर देऊ नका’ एवढी सेटिंग पुरत नाही. खेळाडू पाण्याच्या प्रवाहात गोल फिरत राहतो, सर्व्हरला वाटतं तो हलतोय. म्हणून तासाचे कॉइन सरळ शून्यावर आणा. वेळेवर काही द्यायचंच असेल तर जमीन राखायचा हक्क द्या. ग्रीफ-प्रिव्हेन्शन हे प्लगिन मुळातच तासाला १०० ब्लॉक एवढा हक्क देतं. तो विकता येत नाही, साठवून मिरवता येत नाही, आणि ज्याला घर बांधायचंय त्यालाच उपयोगी पडतो. जाता जाता आणखी एक फायदा: रात्रभर उभी राहणारी कॅरेक्टरं गेली की सर्व्हर सेकंदाला पूर्ण २० टिक (खेळ पुढे सरकायचे ठोके) देईल, आणि ज्यांना लॅगमुळे खेळता येत नव्हतं तेही परत येतील.

तिसरं, किट आणि सलग हजेरी. किटची वेळ सेकंदांत मोजली जाते, ८६,४०० म्हणजे २४ तास. आज रात्री नऊला घेतलं की उद्या नऊनंतरच मिळतं, परवा सव्वानऊनंतर. असं सरकत सरकत ते मध्यरात्रीवर जातं आणि एक दिवस चुकतोच. तीस दिवसांच्या साखळीत सव्विसाव्या दिवशी ज्याची परीक्षा आली, त्याने सगळं गमावलं. तो सत्ताविसाव्या दिवशी का येईल? साखळी रद्दच करा. किट आठवड्याचं करा, ६,०४,८०० सेकंद, आणि त्यात हिरे नकोत: जेवण, मशाली, थोडी रॉकेट एवढंच. नव्या माणसासाठी वेगळं, एकदाच मिळणारं किट ठेवा.

आणि साखळीच्या जागी उलटी गोष्ट आणा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळाच्या चाचणी काळात फार वेळ खेळणाऱ्याचा अनुभव-गुण कमी व्हायचा. लोक चिडले. तो बनवणाऱ्या ब्लिझार्डने त्याचीच मांडणी फिरवली. नेहमीचा दर तोच ‘पूर्ण’ दर ठरला आणि विश्रांती घेऊन आलेल्याला काही काळ दुप्पट. गणित जवळपास तेच राहिलं, पण तक्रारी थांबल्या. तुमच्याकडे एमसी-एमएमओ (कामातून अनुभव-गुण देणारं प्लगिन) असेल तर दुप्पट अनुभवाची परवानगी त्यात तयार आहे, आणि लक-पर्म्स या परवानग्यांच्या प्लगिनमधून ती ठराविक तासांपुरती देता येते. आठवडाभर न आलेल्याला परतल्यावर दोन तास दुप्पट. बारावीच्या, सेमिस्टरच्या दिवसांत गेलेली मंडळी अशाने परततात. चुकल्याची शिक्षा ठेवलीत तर ती परतत नाहीत.

चौथं, गड. यात मन घाला, बाकीचं सगळं यासाठीच आहे. ब्लॉकमागचे कॉइन आजच थांबवा. मग गडाचे तुकडे पाडा: महादरवाजा, नगारखाना, बाजारपेठ, जगदीश्वराचं मंदिर, हिरकणी बुरूज. प्रत्येक तुकड्याला तिघे-चौघे आणि त्यांच्यातला एक प्रमुख. कुठले ब्लॉक वापरायचे, कुठे तोडायचं, कुणाला आत घ्यायचं हे तो ठरवेल, तुम्ही नाही. ॲडमिन मध्ये पडून ‘ही भिंत बदला’ म्हणायला लागला की तुकडा त्यांचा राहत नाही. दिवाळीपासून भरून टाकलेल्या सपाट भिंतींचं काय करायचं तेही त्यांच्यावर सोडा. कुणी कुठला ब्लॉक लावला हे कोअर-प्रोटेक्ट या नोंदी ठेवणाऱ्या प्लगिनमध्ये दिसतंच. ते बघून कुणाला जाहीरपणे नावं मात्र ठेवू नका. दर तुम्हीच लावला होता.

प्रमुखांना मालाची मागणी नोंदवू द्या: ‘अँडेसाइट, पाच शल्कर बॉक्स, बॉक्सला ८०० कॉइन’. हे पैसे गडाच्या खजिन्यातून जातील आणि खजिना भरेल तो खेळाडूंच्याच खर्चातून: वॉर्पचं (ठरलेल्या जागी क्षणात पोचायच्या सोयीचं) भाडं, लिलावातला पाच टक्के वाटा, दुकानाच्या गाळ्याचं साप्ताहिक भाडं. जुने हंडे असे रिकामे होतात. हवेतून एकही नवं नाणं येत नाही, आणि खाणकाम करणाऱ्याला बांधणाऱ्याची गरज पडते. तुमचा आयर्न फार्मवाला निरुपयोगी होत नाही, त्याला आता गिऱ्हाईक शोधावं लागतं एवढंच.

दुकानं स्पॉनवर (खेळाडू जगात उतरतो त्या जागी) ठेवू नका, गडाच्या बाजारपेठेत न्या. रायगडाची बाजारपेठ म्हणजे समोरासमोर दुकानांच्या दोन रांगा आणि मध्ये रुंद रस्ता. चेस्ट-शॉपच्या (पेटीतून विकणाऱ्या दुकानांच्या) पाट्या लावायला यापेक्षा चांगला आराखडा कुणालाही सुचणार नाही. गाळे मुद्दाम कमी ठेवा, पंधरा-सोळा पुरेत, आणि दोन आठवडे माल न भरलेला गाळा काढून घ्यायचा नियम पहिल्या दिवशीच पाटीवर लिहा. एन्चान्ट केलेलं पुस्तक घ्यायला रोज कुणीतरी गडावर येईल, आणि येता-जाता काल नव्हता तो बुरूज त्याला दिसेल. बांधणाऱ्याला तेच हवं असतं.

काम संपलेल्या तुकड्याला बक्षीस द्या, पण आधी कबूल न करता. जगदीश्वराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’ असं गड उभारणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, हे तुमच्या खेळाडूंना ठाऊक असेलच. एका सकाळी त्यांनी बांधलेल्या दरवाज्याच्या पायरीशी त्यांच्या नावांची पाटी लागलेली दिसू द्या. पहिल्या तुकड्याला पाटी मिळाली की दुसऱ्याला तीच अपेक्षित होणार, म्हणून दुसऱ्याला वेगळं काही: त्या भागाचे फोटो डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या मुख्य चॅनेलवर, किंवा त्या टीमला पुढच्या भागाची निवड पहिली. यावर दर ठरला की पुन्हा दिवाळीच्या जागी याल.

लोकांनी एकमेकांचं कौतुक करावं अशीही एक सोय हवी. ओव्हरवॉच या खेळात २०१८ साली सामना संपल्यावर दुसऱ्याला शाबासकी द्यायची पद्धत आली. ती देणारा खेळाडू असतो, कंपनी नव्हे, आणि मिळत राहिली नाही तर तेव्हा पातळी हळूहळू उतरायची. तुमच्याकडे हे साध्या पद्धतीने होईल. प्रत्येकाला आठवड्याला दोन शाबासक्या, देताना कारणाची एक ओळ सक्तीची, रविवारी न वापरलेल्या रद्द. त्याने काहीही विकत घेता येणार नाही. यात बिघडतं ते असं: दोघे मित्र दर आठवड्याला एकमेकांनाच देतात. म्हणून गेल्या चार आठवड्यांत ज्याला दिली त्याला पुन्हा नाही, आणि त्या काळात ज्याने आपल्याला दिली त्यालाही नाही. दुसरा बिघाड म्हणजे बेरजेची यादी. पहिल्या पाचांची यादी लावली की लोकप्रिय माणूसच वर राहतो आणि नवखा कधी दिसत नाही. बेरीज दाखवू नका, फक्त त्या आठवड्याच्या कारणांच्या ओळी फलकावर लावा. ‘नेदरमध्ये मेलो, माझं सामान आणून दिलं’ ही ओळ कुठल्याही रँकपेक्षा जास्त वाचली जाते.

‘सर्वांत श्रीमंत’वाली सरदारकी बंद करा. साठवणाऱ्याला बक्षीस असलं की कुणी खर्चच करत नाही, आणि वर म्हटलेला सगळा बाजार तिथेच अडतो. उडायची मुभा तर सर्व्हायव्हलमध्ये कुणालाच नको. दऱ्या ओलांडायला पूल बांधणारे तुमच्याकडे आहेत. डिस्कॉर्डवर मेसेज मोजून लेव्हल देणारा बॉट असेल तर तोही काढा, त्याने ‘हम्म’ आणि ‘ओके’ वाढतात, बोलणं नाही.

क्रेटच्या किल्ल्यांबद्दल आणखी एक. डायब्लो ३ या खेळात २०१२ साली लिलावघर होतं. राक्षस मारून शस्त्र मिळवण्यापेक्षा ते तिथे विकत घेणं सोपं झालं, खेळाचा गाभाच पोकळ होऊ लागला, आणि ब्लिझार्डने मार्च २०१४ मध्ये ते स्वतःहून बंद केलं. तुमच्या क्रेटमधून नेदराइटची कुऱ्हाड किंवा मेंडिंगचं पुस्तक अशी दमदार वस्तू निघत असेल तर तेच होतंय. क्रेट ठेवायचीच असेल तर त्यात फक्त दिसण्यातल्या गोष्टी: सजावटीची डोकी, नावाचा रंग, चालताना उडणारे कण. उरलेल्या किल्ल्या चालू द्या, नव्या देऊ नका.

हे सगळं केल्यावर पहिल्या आठवड्यात ऑनलाइनचा आकडा निम्म्यावर येईल. घाबरू नका, ती झोपलेली कॅरेक्टरं होती. तो आकडा बघणंच सोडा. दर रविवारी तीन गोष्टी वहीत लिहा: श्रीमंतांच्या यादीच्या डोक्यावर दिसणारी सगळ्या सर्व्हरची एकूण नाणी, आठवड्यात एकमेकांशी व्यवहार केलेल्या वेगवेगळ्या माणसांची संख्या, आणि गडावर काम केलेल्या माणसांची संख्या (ब्लॉकची नव्हे). पहिला आकडा स्थिर किंवा उतरता आणि बाकीचे दोन चढते हवेत. महिनाभरात व्यवहार वाढले नाहीत तर वॉर्प बहुतेक फार स्वस्त आहेत आणि गाळे फार जास्त. आधी तेच तपासा.

गेलेल्या तिघा-चौघांना एकेकट्याला मेसेज करा. सार्वजनिक ‘परत या’ नको, बक्षिसाचं आमिष तर मुळीच नको. ‘ब्लॉकचे पैसे बंद केलेत, नगारखान्याचा प्रमुख कोण व्हावा यावर तुझं मत हवंय’ एवढं पुरे.

रँक विकण्याबद्दल: माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने २०१४ सालीच स्पष्ट केलंय, की पैशाच्या बदल्यात खेळात वरचढ ठरवणारी कुठलीही गोष्ट देता येत नाही. किट, उडणं, जास्त घरं, क्रेटमधली हत्यारं हे सगळं त्यात आलं. निव्वळ दिसण्याच्या गोष्टी चालतात, मात्र केप (पाठीवरचा झगा) नाही. सर्वांकडून सारखीच प्रवेशवर्गणी घ्यायलाही हरकत नाही. साठ जणांच्या सर्व्हरला महिन्याचा खर्च चॅनेलवर पिन करून वर्गणी मागितलेली सगळ्यात बरी. देणाऱ्याला नावापुढे एक रंग द्या, त्यापलीकडे काही नाही.

५० रुपयांच्या स्पर्धेला माझं ठाम उत्तर आहे: नको. पैसे भरून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट्सना वेगळी वाट दिलीय, पण ती मान्यता आणि नोंदणीतून जाते, डिस्कॉर्डवर यूपीआयचा क्यूआर टाकून नाही. तुमच्यातले काही जण अठरा वर्षांखालचे असतील, तर घरच्यांनी विचारल्यावर तुम्ही काय सांगणार तेही डोळ्यांसमोर आणा. लढाईची हौस आहेच तर फी न घेता घ्या: सगळ्यांना सारखंच चिलखत, मेल्यावर सामान जाणार नाही, चौघांच्या टीम चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठ्या यासाठी, की नवखा आणि जुना एका बाजूला येतील. मैदान टकमक टोकावर नको, कडेवरून ढकललं की सामना दहा सेकंदांत संपतो. होळीच्या माळाएवढी सपाट जागा घ्या.